किल्ली ठेवायची कुठं?

आमच्या गाडीत किल्ली खोचायला जागाच नाही. किल्ली म्हणून जे मिळालं ते मुठीत मावेल एवढं काळ्या प्लॅस्टिकचं डबडं, वर तीन बटणं. ते पर्समध्ये पडून असलं तरी चालतं. दाराच्या हँडलवरचं बारकं बटण दाबायचं, दार उघडतं. क्लच दाबून स्टार्टचं बटण दाबायचं, इंजिन सुरू. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी बॉनेटला हार घातला, पेढे दिले आणि पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली आमच्या हातात देऊन फोटो काढला. खऱ्या किल्लीबद्दल मात्र "मॅडम, हे लॉक, हे अनलॉक, ही डिकी" एवढ्यावर भागवलं. तिच्या पोटात सेल असतो, तो संपतो आणि संपला की काय करायचं, याबद्दल चकार शब्द नाही. ते सगळं आम्ही नंतर शिकलो. थोडं मॅन्युअलमधून, थोडं कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका घड्याळजींकडून आणि बरंचसं अडल्यावर.

सेल संपत आला की किल्ली एकदम मरत नाही, हे आधी सांगते. तिचा आवाका कमी होत जातो. आमच्याकडं पूर्वी वरच्या गॅलरीतून बटण दाबलं की खाली गाडीचे इंडिकेटर लुकलुकायचे. मग जिन्यातून दाबावं लागायला लागलं, मग फाटकाशी जाऊन. हँडलवरचं बटण पहिल्या दाबाला ऐकेना, पर्स दाराजवळ नेली की ऐके. अधूनमधून डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राशेजारी बॅटरीचं चित्र यायचं आणि आपोआप जायचं. सर्व्हिसिंगच्या वेळी तिथल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "अजून चालेल की." चाललीही, ज्योतिबाच्या डोंगरापर्यंत.

चैत्रातला रविवार होता. सासूबाई, अप्पा, नवरा, नणंदेची दोन पोरं असे सगळे वाडी रत्नागिरीला गेलो. दर्शन झालं, गुलालानं सगळे माखले, पोरांच्या पापण्याही गुलाबी. पार्किंगला परत आलो तर दार उघडेना. हँडलचं बटण दाबलं, नाही. रिमोटचं दाबलं, नाही. रिमोटवरचा बारका लाल दिवासुद्धा लागेना. ऊन मी म्हणत होतं, सासूबाईंच्या हातात नारळ-प्रसादाची पिशवी, आणि अप्पांनी मला शांतपणे विचारलं, "अगं, हिला किल्लीचं भोकच न्हाई व्हय?"

अप्पांचा सगळा जन्म ट्रॅक्टरवर गेला. त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरची किल्ली गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांना लागते, त्यामुळे किल्ली हरवणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. पण त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. भोक असतं, फक्त लपवलेलं असतं. त्या काळ्या डबड्याच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवून कडी ओढली की आतून खरीखुरी, लोखंडी, दात्यांची किल्ली बाहेर येते. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या हँडलच्या टोकाला प्लॅस्टिकचं टोपण आहे. त्याला खालून एक बारकी फट असते, तिथं किल्लीचं टोक घालून उचकटलं की टोपण निघतं आणि कुलूप दिसतं. काही गाड्यांत टोपण नसतं, कुलूप उघडंच असतं; काहींत हँडल ओढून धरल्याशिवाय ते दिसत नाही. ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यानं आपलं कुलूप कुठं आहे हे एकदा सावलीत, निवांत शोधून ठेवावं. डोंगरावर, मागं दोन जीपगाड्या हॉर्न मारत असताना ते शोधणं बरं नव्हे.

दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला. लोखंडी किल्लीनं दार उघडलं की गाडीला वाटतं चोर आला. अख्खं पार्किंग आमच्याकडं बघायला लागलं. नवऱ्यानं घाईघाईनं स्टार्टचं बटण दाबलं, तर डॅशबोर्डवर 'किल्ली सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. इथं मॅन्युअलमधलं एक चित्र मला आठवलं. किल्लीचं डबडंच स्टार्टच्या बटणाला टेकवायचं आणि तसंच दाबायचं. टेकवलं, दाबलं. इंजिन सुरू झालं, भोंगा थांबला. अप्पा मागच्या सीटवरून म्हणाले, "चांगभलं!"

सेल मेलेला असताना गाडी सुरू कशी झाली, याचं उत्तर मला फार आवडलं म्हणून थोडं थांबून सांगते. किल्लीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. एक रेडिओ, त्याला सेल लागतो. गाडीतले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारतेवर किल्लीला हाक मारतात. ही हाक मुद्दामच आखूड ठेवलेली असते, दीड-दोन मीटरच्या आतली, म्हणजे दाराशी उभ्या माणसाच्या खिशातली किल्लीच ती ऐकेल. किल्ली उत्तर देते ते वेगळ्या वारंवारतेवर, बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि ते उत्तर बरंच लांबवर पोचू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे एक चिप. तिला सेल लागतच नाही. स्टार्टच्या बटणाभोवती तारेचं वेटोळं असतं. किल्ली त्याला अगदी चिकटवली की त्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला जेमतेम लागेल तेवढी वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ऑफिसच्या दाराला आपण जे कार्ड टेकवतो त्यातही सेल नसतो, ते याच तत्त्वावर चालतं. काही कंपन्यांनी हे वेटोळं बटणाऐवजी स्टिअरिंगच्या दांड्याजवळ किंवा कप ठेवायच्या खळग्यात बसवलेलं असतं. आपल्या गाडीत ते कुठं आहे हे मॅन्युअलच सांगतं. इंजिन चोराच्या हाती लागू नये म्हणून जी व्यवस्था केली, तीच सेल संपल्यावर मालकाच्या उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन घड्याळजींकडं गेले. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, लोखंडी किल्ली काढली आणि ती जिथून निघते त्या खाचेत पातळ पट्टी घालून हलकेच पिळली. टक् असा आवाज आला आणि डबड्याचे दोन भाग झाले. "वैनी, ह्यात गुलालच हाय की!" खरंच होता. रबरी बटणांच्या कडेनं आत उतरलेला गुलाल सर्किटच्या पाटीवर, सेलच्या कडेला आणि सेलला टेकणाऱ्या पितळी जिभेवर बसला होता. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवला, जीभ पुसली, चिमट्यानं ती केसभर वर उचलली. मग सेल मल्टिमीटरला लावून काटा मला दाखवला. तीन व्होल्टच्या जरा खाली. मी म्हटलं, मग हा चांगलाच आहे की. ते हसले. "नुसता मोजला की सगळे चांगलेच दिसत्यात. काम सांगून बघा." त्यांनी सेलच्या दोन टोकांना एक बारका बल्ब जोडला आणि काटा धाडकन खाली आला. जुन्या सेलमध्ये व्होल्ट दिसतात, पण किल्ली उत्तर देते त्या क्षणी जेवढा प्रवाह लागतो तेवढा तो देऊ शकत नाही. त्यामुळे 'व्होल्ट बघितले, बरोबर आहेत' या बोलण्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

सेलचा नंबर सीआर २०३२. यातला २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. शेजारच्या खोक्यात २०२५ होते, तेही वीसच मिलिमीटरचे, पण अडीच मिलिमीटर जाड. तो किल्लीत बसतो, झाकणही लागतं, पण जिभेला नीट टेकत नाही आणि मुळात त्यात साठाही कमी. कुणी "चालतंय की" म्हणून २०२५ घालून दिला तर घेऊ नका. घड्याळजींनी पाकिटातला सेल काढला, दोन बोटांनी कडेनं धरला, अधिकचं चिन्ह कुठल्या बाजूला आहे ते पाटीवरच्या खुणेशी ताडून पाहिलं, बसवला. पन्नास-साठ रुपयांत काम झालं. सर्व्हिस सेंटरला फोन केला होता तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं होतं, सेल बदलला की किल्ली पुन्हा प्रोग्राम करावी लागते, गाडी घेऊन या, चार्ज पडेल. आमची किल्ली सेल घातल्या घातल्या चालली. गाडीची ओळख चिपमध्ये कायमची लिहिलेली असते, सेल काढला म्हणून ती पुसली जात नाही. त्या माणसाला हे माहीत नव्हतं की चार्ज माहीत होता, देव जाणे.

एक गोष्ट मात्र नंतर अनुभवाला आली. पुढच्या वेळी मी स्वतःच घरी सेल बदलला, चांगल्या कंपनीचा, मॉलमधून आणलेला, आणि किल्लीचा दिवा लागेना. तो सेल कडू लेपाचा होता. लहान मुलांनी तोंडात घातला तर थुंकून टाकावा म्हणून काही कंपन्या या सेलवर अत्यंत कडू पदार्थाचा पातळ थर देतात. काही उपकरणांत नेमका तोच थर सेलला आतल्या पितळी जिभेशी नीट टेकू देत नाही. सेल काढून कोरड्या कापडानं जरा पुसला, जागेवर दोनदा फिरवला, मग दिवा लागला. म्हणून लेप नको असं म्हणणार नाही. आमच्या घरात नणंदेचं धाकटं सगळं तोंडात घालायच्या वयाचं आहे, आणि हा वीस मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकण्याच्या मापाचा आहे. अडकला की ओलाव्यातून वीज वाहायला लागते, एका बाजूला तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गाडीच्या दृष्टीनं मेलेला सेलही हे करायला पुरेसा जिवंत असतो. अमेरिकेत यावर २०२२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मुलानं गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या फंदात न पडता सरळ एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात पळायचं. आमच्याकडं काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लागते आणि तो वरच्या कपाटात जातो. नवे सेल कात्रीशिवाय उघडत नाहीत अशाच पाकिटातले आणतो, तारीख बघून. ज्या पाकिटावर तारीखच नाही तो सेल फुकट दिला तरी नको.

आता खरा घोळ. नवा, चांगल्या कंपनीचा सेल सहा-सात महिन्यांतच मान टाकायला लागला. मॅन्युअलमध्ये तर वर्ष-दोन वर्षं लिहिलेली. आम्ही आधी सेलला दोष दिला, मग बटणं दाबणाऱ्या पोरांना. घड्याळजींनी वेगळाच प्रश्न विचारला, "घरात किल्ली ठेवता कुठं?"

किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर असायची. मराठी घरात किल्ल्यांची जागा तीच, तिथंच छत्री, तिथंच देवळाची पिशवी. भिंतीच्या पलीकडं गाडी उभी. आमच्या गाडीला एक लाड आहे: आपण जवळ गेलो की तिचे आरशाखालचे दिवे लागतात आणि लांब गेलो की ती आपोआप लॉक होते. याचा अर्थ बंद असतानाही ती थोड्या थोड्या वेळानं हाक मारून किल्ली जवळपास आहे का बघत असते. विटांच्या भिंतीला ती हाक अडत नाही. म्हणजे रात्रभर गाडी विचारणार, "आहेस का?" आणि खुंटीवरची किल्ली सेल जाळून सांगणार, "आहे." प्रेमात पडलेली पोरं फोनवर बोलतात तसं हे रोज पहाटेपर्यंत चाललेलं, आणि आम्ही सेलच्या कंपनीला शिव्या देत होतो.

किल्ली खुंटीवरून हलवून हॉलमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली. फार फरक पडेना. मग मी मॅन्युअल नीट वाचायला बसले. गाड्यांची मॅन्युअलं कोण वाचतं म्हणा, पण त्यातल्या बारीक अक्षरांत कामाची माहिती असते. टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइलचा चार्जर, टेबललॅम्प, इंडक्शनची शेगडी यांच्या मीटरभराच्या आत किल्ली ठेवू नका, असं काही कंपन्या स्पष्ट लिहितात. ही उपकरणं जो चुंबकीय गोंगाट करतात तो किल्लीच्या कानाला गाडीच्या हाकेसारखाच वाटू शकतो. मग ती दचकून जागी होते, ऐकते, गाडी नाही असं बघून पुन्हा गप्प बसते. एकेका वेळेला खर्च नगण्य. पण त्या सेलमध्ये असतात सव्वादोनशेच्या आसपास मिलीअँपिअर-तास, मोबाइलच्या बॅटरीच्या विसाव्या हिश्शाच्याही आत. त्यावर वर्ष काढायचं तर किल्लीनं बहुतेक वेळ झोपून काढायला हवा. बटण आपण किती वेळा दाबतो यापेक्षा ती झोपते कुठं यावर सेलचं आयुष्य ठरतं, हे मला या सगळ्यातून कळलं, आणि शोरूमच्या त्या अर्ध्या मिनिटात सांगायचं तर हेच सांगायला हवं होतं.

आता किल्ली आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात असते, गाडीपासून तीन भिंती लांब, चार्जरपासूनही लांब. तेव्हापासून सेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसा चालतो. शेजाऱ्यांची टोयोटा आहे, त्यांना याहून सोपी सोय मिळाली: लॉकचं बटण दाबून धरायचं, अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चार वेळा लुकलुकतो आणि किल्ली ऐकणंच बंद करते. पुन्हा कुठलंही बटण दाबलं की जागी. अशी सोय आमच्या किल्लीत नाही.

कपाटाची जागा ठरल्यावर भाच्यानं डब्याचं खूळ आणलं. तो इंजिनिअरिंगला आहे. "मामी, किल्ली स्टीलच्या डब्यात ठेव, नाहीतर रिले करून गाडी नेतील." त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. एक चोर हातात अँटेना घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी; गाडीची आखूड हाक तारेनं किंवा रेडिओनं लांबवून घरातल्या किल्लीपर्यंत पोचवतात, किल्ली इमानदारीनं उत्तर देते, गाडी उघडते. कुठलाही सांकेतिक आकडा फोडावा लागत नाही. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं, दहाही फसली. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी अशा चोरीचं कॅमेऱ्यातलं चित्रण जाहीर केलं, त्यात मिनिटाभरात मर्सिडीज गेली. फोर्डनं २०१९ मध्ये तिकडच्या फिएस्टा आणि फोकसच्या किल्ल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला. किल्ली चाळीस सेकंद हलली नाही की ती झोपते. हा उपाय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात चोरही अडतो आणि सेलही वाचतो.

मग डब्याचा प्रयोग केलाच. बेसनाच्या लाडवांचा रिकामा डबा घेतला, किल्ली आत, डबा काखेत, आणि मी गाडीशी जाऊन हँडलचं बटण दाबलं. उघडली. भाच्याचं तोंड पडलं. झाकण तिरकं बसलं होतं. दाबून घट्ट बसवल्यावर मात्र उघडेना. फराळाचा दुसरा डबा, झाकणाला प्लॅस्टिकची कडा असलेला, कसाही लावला तरी निरुपयोगी. थोडक्यात, डबा कामाचा आहे, पण आपल्या डब्यानं, आपल्या गाडीशी उभं राहून तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. आम्ही तो रोज वापरत नाही. आमच्या बोळात रात्री दोन अनोळखी माणसं अँटेना घेऊन उभी राहिली तर कुत्री अख्खी पेठ उठवतील. आणि गाडीची काच फोडून, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात यंत्र जोडून नवीनच किल्ली गाडीला शिकवणारे चोर असतात, त्यांच्यापुढं डबा काहीच करत नाही. पुण्या-मुंबईला सोसायटीच्या उघड्या पार्किंगला गाडी ठेवायची असेल तेव्हा डबा सोबत नेतो, आणि स्टिअरिंगला जुन्या पद्धतीचा लोखंडी दांडाही लावतो.

दुसऱ्या किल्लीचा प्रश्न वेगळा. ती गाडीबरोबर मिळते आणि लोक ती लॉकरमध्ये टाकून विसरतात. विसरू नये, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच असली तर 'दुसरी कुठं गेली' या प्रश्नाचं उत्तर देता देता दावा अडकतो. हरवली तर लगेच पोलिसांत तक्रार नोंदवून कागद जपून ठेवायचा. नवीन किल्लीची चौकशी मी एकदा केली, आकडा पाच अंकी निघाला. तेव्हापासून विम्याच्या नूतनीकरणाला किल्लीचं जादा संरक्षण आम्ही घेतो, त्याचा हप्ता किरकोळ असतो.

ही दुसरी किल्ली ठेवून दिली तरी तिचा रेडिओ ऐकतच असतो, सेल जिरतच असतो. आणि फार वर्षं आत राहिलेला सेल कधी गळतो. म्हणून आम्ही तिचा सेल काढून ठेवला आणि तिच्या पिशवीतच न फोडलेलं सेलचं पाकीट ठेवलं. भाचा म्हणाला, बिनसेलाची किल्ली काय कामाची. ती कामाची कशी असते ते पावसाळ्यात कळलं.

मी मिरजेला नोकरीला, रोज सकाळच्या रेल्वेनं जाते. त्या दिवशी गाडी मी चालवत स्टेशनवर नेली, किल्ली नेहमीसारखी पर्समध्ये. पाऊस कोसळत होता. मी इंजिन चालूच ठेवून उतरले, नवरा शेजारच्या सीटवरून ड्रायव्हरच्या सीटवर सरकला आणि निघाला. किल्ली गाडीतून बाहेर गेली की गाडी पीं-पीं करते, डॅशबोर्डवर लिहून दाखवते, पण चालतं इंजिन बंद करत नाही. ते बरोबरच आहे, भर रस्त्यात सेल संपला म्हणून गाडी थांबली तर माणसं मरतील. पावसाच्या आणि रिक्षांच्या आवाजात ते पीं-पीं त्याच्या कानी गेलं नाही. पेट्रोल पंपावर त्यानं शिस्तीत इंजिन बंद केलं. पेट्रोल भरून झालं. मला फोन आला तेव्हा रेल्वेतून रुकडी स्टेशन मागं गेलं होतं.

"किल्ली कुठाय?"

"माझ्याजवळ."

पलीकडं बराच वेळ फक्त पंपावरच्या हॉर्नचा आवाज. पंपावरच्या पोरांनी गाडी ढकलून हवेच्या मशीनशेजारी लावली. नवरा रिक्षा करून घरी, कपाटातली दुसरी किल्ली घेऊन परत. घाईत सेलचं पाकीट घरीच राहिलं. पण बिनसेलाची किल्ली बटणाला टेकवली आणि गाडी सुरू झाली. पंपावरचा मुलगा म्हणाला म्हणे, "साहेब, ही आयडिया आमालाबी म्हाईत नव्हती." मी संध्याकाळी परत आले तेव्हा या विषयावर घरात मौन होतं. आता उतरताना तो "किल्ली" म्हणतो आणि मी ती त्याच्या तळहातावर ठेवल्याशिवाय दार लावत नाही.

राहिलं एक. किल्ली चालत नाही म्हणजे दर वेळी किल्लीचाच सेल गेलेला असतो असं नाही. दिवाळीत आठवडाभर गावी राहून आलो तेव्हा गाडी ढिम्म. सवयीनं मी सेल बदलायला निघाले, तर किल्लीचा लाल दिवा झकास लागत होता. दिवा लागतोय आणि गाडी ऐकत नाही, तर बहुधा गाडीचीच बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. तशीच ती होती. लोखंडी किल्लीनं दार उघडलं, या वेळी भोंगासुद्धा वाजला नाही, आणि शेजारच्यांच्या गाडीवरून केबल लावून काम भागवलं. अशा वेळी किल्ली बटणाला कितीही टेकवा, उपयोग नाही. वेटोळ्यालाच वीज नसेल तर ते चिपला कुठून देणार?

सेल कधी बदलायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. डॅशबोर्डवर चित्र येईपर्यंत थांबायचं नाही, यावर एकमत होतं; तारीख कुणाच्या लक्षात राहणार, यावर नव्हतं. तोडगा अप्पांनी काढला. खंडेनवमीला ट्रॅक्टर, गाडी, कोयता-विळ्यापासून सगळं धुऊन हळद-कुंकू लावून पुजतातच, त्याच दिवशी किल्लीचा सेल बदलायचा. दुसऱ्या किल्लीत त्या दिवशी सेल घालून दोन्ही दारं, डिकी, स्टार्ट असं सगळं तपासायचं आणि सेल पुन्हा काढून ठेवायचा. किल्लीची पाटी कोरड्या ब्रशनं झाडायची, गुलाल असो नसो. हळद-कुंकू मात्र फक्त गाडीला. किल्लीच्या बटणांवर बोट नेलेलं अप्पांनाही चालत नाही.

काढलेल्या सेलमध्ये अजून जीव असतो. तो माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात जातो. त्याला गाडीला हाक द्यायची नसते, पावशेर रवा मोजायचा असतो. तिथं तो पुढच्या दसऱ्यापर्यंत सहज निघतो.